सत्तावीस नंबरचं टेकाड

बहरीनमधल्या बुरी गावाच्या पुढे, हमद टाउनकडे जाताना डाव्या हाताला, चार हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं होतं. ते आता नाही. ते जाण्यात माझा हात आहे असं मी म्हटलं, की घरचे आणि ओळखीचे माझी समजूत काढतात. तू तर ते वाचवायला किती धडपडलीस, म्हणतात. धडपडले हे खरं आहे. पण ते नंतर. आधी मी ते पुसलं होतं.

मी अदलियातल्या एका लहानशा इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत नकाशे काढते. व्हिसावर माझा हुद्दा ‘ड्राफ्ट्समन’ असा आहे आणि अकरा वर्षांत तो कुणाला बदलावासा वाटलेला नाही. नवरा सीफमधल्या एका ऑफिसात अकाउंटंट आहे, आम्ही सनाबिसला राहतो, मुलगी सातवीत आहे. माहेर माझं नागपूर जिल्ह्यातलं, बरडावरच्या एका खेड्यातलं. बरड म्हणजे उंचावरची मुरमाड जमीन, जिथे कुसळी गवत आणि बोरीची झुडपं यांपलीकडे फारसं काही उगवत नाही. आमच्या गावामागच्या बरडावर मोठमोठ्या धोंड्यांची गोल रिंगणं होती. आम्ही पोरं त्यांत लपाछपी खेळायचो. ती फार जुन्या काळच्या माणसांची थडगी आहेत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेव्हाही ‘अस्सं का’ यापलीकडे मला काही वाटलं नव्हतं.

बहरीनमध्ये तसली थडगी पायलीची पन्नास म्हणावीत इतकी आहेत. फरक एवढाच, की इथे धोंड्यांच्या रिंगणाच्या आत गोटे-मातीचा ढीग घातलेला असतो आणि ढिगाच्या पोटात दगडी खोली. बाहेरून बघाल तर उंटाच्या रंगाची बुटकी टेकाडं. काही मोठी, कुंपणात राखलेली, पाट्या लावलेली. काही व्हिलांच्या मागच्या भिंतीला टेकून उभी. आणि काही अशीच, एकटी, कुंपणाच्या बाहेर सुटलेली. सत्तावीस नंबर हे त्यांतलं.

काम होतं सांडपाण्याच्या लाइनचं. रस्त्याला समांतर पाइप टाकायचा, त्यासाठी नकाशा. जुना मूळ नकाशा आम्हाला मिळालेला होता. त्यावर प्रत्येक टेकाडाचं एक वर्तुळ आणि आत नंबर. त्यावर आमच्या सर्व्हेअरने जागेवर जाऊन घेतलेले उंचीचे बिंदू मी बसवत होते. बाकीच्या वर्तुळांखाली जमीन वर चढलेली नीट दिसत होती. सत्तावीसच्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे जमीन सपाट होती असं नाही. तिथे बिंदूच नव्हते. आजूबाजूला सगळीकडे बिंदू, आणि मध्ये एका खोलीएवढी कोरी जागा.

कोरी जागा म्हणजे सपाट जागा नव्हे. तिथे सर्व्हेअरला पाय ठेवता आला नाही, एवढाच तिचा अर्थ. नव्या माणसाला मीच हे शिकवते.

मी आमच्या सीनियर इंजिनिअर साहेबांना विचारलं. ते केरळचे, साठीला आलेले, मुळात सज्जन माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, की जुन्या नकाशातली बरीच टेकाडं आता जागेवर नाहीत, सर्व्हेत जे नाही ते काढून टाक. मी म्हटलं, सर्व्हेअरला एक फोन करू का? ते म्हणाले, चार वाजता सबमिशन आहे. गुरुवार होता. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी दुपारी सगळ्यांनाच घाई असते. मलाही होती. मी वर्तुळावर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. आतला नंबर वेगळा होता, तोही वेगळा निवडून काढला.

हे मार्चमधलं.

नोव्हेंबरात मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, हमद टाउनला. नवरा गाडी चालवत होता. बुरी गेल्यावर रस्त्याकडेला खोदकामाच्या खुंट्या आणि लाल-पांढऱ्या फिती दिसायला लागल्या. हे आमचंच काम, असं मी मुलीला दाखवत होते. तिने मोबाइलमधून मान वर न करता ‘नाइस’ म्हटलं. आणि फितींच्या पलीकडे मला ते दिसलं. कमरेएवढं उंच, वरून चपटं झालेलं, एका बाजूने ढासळलेलं. कुणीही मलब्याचा ढीग म्हणून सोडून दिलं असतं. पण खालच्या अंगाला गोट्यांची एक ओळ होती, आणि ती ओळ वळत होती.

मी गाडी थांबवायला लावली. नवरा म्हणाला, केक कापायची वेळ झालीय. मी सँडल घालून त्या मुरमातून चालत गेले. दगड रचलेले होते. टाकलेला दगड आणि लावलेला दगड यांतला फरक मला कुणी शिकवावा लागला नाही. लहानपणी ज्या धोंड्यांमागे लपले ते असेच खांद्याला खांदा लावून बसवलेले होते. मी फोनमध्ये जागा टिपून घेतली, चार फोटो काढले. परत आले तेव्हा मुलगी चिडली होती. वाढदिवसाला आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यांचा केक खाऊन झाला होता.

रविवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी जुना नकाशा उघडला आणि फोनमधली जागा त्यावर टाकली. बरोबर सत्तावीसच्या पोटात पडली. पाइपची लाइन त्याच्या मधोमध जात होती.

मला वाटलं होतं, चूक लवकर सापडली म्हणून साहेबांना हायसं वाटेल. पाइप तिथवर अजून पोचायचा होता. लाइन थोडी वाकवली की झालं, दोन दिवसांचं काम. साहेबांनी फोटो पाहिले. मग म्हणाले, की नकाशा मंजूर झालाय, कंत्राटदाराला गेलाय, आता बदल करायचा म्हणजे बदल का, हे लिहून द्यावं लागेल. मी म्हटलं, लिहून देऊ, चूक माझ्या हातून झाली असं लिहा. ते म्हणाले, नकाशावर सही माझी आहे. आणि मग म्हणाले, इंशाल्ला, बघू.

इथे राहून या शब्दाचे किती अर्थ होतात ते मला चांगलं कळतं. हा ‘नाही’चा होता.

मी ईमेल पाठवला. उत्तर नाही. चार दिवसांनी तोच ईमेल पुन्हा पाठवला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की असल्या गोष्टी ईमेलवर लिहू नयेत, तोंडी बोलाव्यात. मी तोंडी बोलायला लागले, तर त्यांना मीटिंग होती. पुढच्या आठवड्यात म्हणाले, पुरावा काय? फोटो काय, कुठल्याही दगडांचे निघतात. मोजमाप असेल तर पुढे नेता येईल. मी म्हटलं, ठीक आहे, मोजमाप आणते.

सर्व्हेअर आमचे रायगडचे, श्रीवर्धनच्या बाजूचे. वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. ऑफिसात सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही. ते मला ताई म्हणतात. मराठी बोलायला मिळतं म्हणून आमचं बरं जमायचं. मी विषय काढला तसा त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, तिथं पायपांचा ढीग रचलेला होता,” ते म्हणाले. “पाण्याच्या लायनीवाल्यांचा. दोन माणसं उंच. मी त्याच्या आत काठी कुठून लावू? मी रिपोर्टात लिहिलंय, एवढी जागा मोजायची राहिली म्हणून.”

त्यांनी रिपोर्ट काढून दाखवला. शेवटच्या पानावर, शेवटून दुसरी ओळ. ती कुणीच वाचली नव्हती. साहेबांनी नाही, मीही नाही. मला इतका राग आला की तो नेमका कुणाचा आला हे मला सांगता आलं नसतं.

भाई म्हणाले, परत मोजायचं तर वरून काम निघालं पाहिजे. काम निघणार नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, शुक्रवारी सकाळी जाऊ, जुम्म्याच्या नमाजाआधी उरकू. आम्ही तिघं गेलो. ते, मी आणि त्यांचं मोजायचं यंत्र मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं. त्यांनी टेकाडाच्या भोवती आणि वर मिळून तीसेक बिंदू घेतले. मी दगडांच्या ओळीवर काठी धरली. काम संपल्यावर ते टेकाडाच्या पायाशी जरा थांबले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवला. मग यंत्र पेटीत भरलं.

“कुणाची मय्यत होती काय माहीत,” ते म्हणाले. “पण आपण वर चढलो ना.”

रविवारी मी बिंदू नकाशावर बसवले. टेकाड झक्क उठून आलं. मी ती फाइल साहेबांना पाठवली. दुपारी ते म्हणाले, फाइल उघडत नाही. मी पीडीएफ करून पाठवली. म्हणाले, प्रिंट दे. प्रिंट दिली. ती त्यांच्या टेबलावर एका फायलीखाली गेली आणि पुढचे दहा दिवस मला तिचा एक कोपरा तेवढा दिसत राहिला. मी रोज जाता-येता तो कोपरा बघत असे. एकदा त्यावर चहाच्या कपाचा गोल डागही पडलेला पाहिला.

घरीसुद्धा माझं दुसरं बोलणं उरलं नव्हतं. नवरा ऐकून घ्यायचा, पण एका रात्री जेवताना म्हणाला, की त्या मेलेल्या माणसाला काही फरक पडत नाही, तुझी नोकरी मात्र जाईल, आणि नोकरीबरोबर व्हिसा. त्याचं चूक नव्हतं. मुलगी म्हणाली, “देन जस्ट ड्रॉ इट अगेन, आई.” पुन्हा काढ की. मी म्हटलं, काढलंय गं, चारदा काढलंय. कागदावर आहे. जमिनीवर कोण बघतंय?

त्या दिवसांत मी बाबांना फोन केला. बाबा आमच्या गावचे पोस्टमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सायकलवरून तो सगळा बरड त्यांनी तुडवलेला. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, आपल्या बरडावरची ती धोंड्यांची रिंगणं अजून आहेत का?

“दोन-तीन उरले असतील,” बाबा म्हणाले. “बाकीचे कायले उरतीन? लोकायनं नेले ना दगड.”

“कशाला नेले?”

“घराले. बांधाले. आपल्या घराच्या पायातबी आहेत. मीच आणले होते बैलबंडीनं.”

मी विचारलं, की ती मेलेल्यांची जागा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

“होतं न,” बाबा म्हणाले. “सगळ्यायले माहीत होतं. पाया भराचा होता न बेटा.”

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मला त्यांच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येत नव्हतं. मीही गुरुवारच्या सबमिशनसाठी वर्तुळ पुसलं होतं. त्यांना निदान घर तरी बांधायचं होतं. बाबांनी मग तिकडच्या उकाड्याची चौकशी केली. मी सांगितलं, डिसेंबर आहे, इथे थंडी आहे. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

दरम्यान पाइप पुढे सरकत होता. कंत्राटदाराने दोन्ही टोकांकडून काम धरलं होतं. दर शुक्रवारी मी नवऱ्याला तिकडून फेरी मारायला लावायची. आधी अर्धा किलोमीटर लांब असलेला चर आता हाकेच्या अंतरावर आला होता, आणि पलीकडूनही तेवढाच. मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी कंत्राटदाराच्या कानावर घातलंय. मी कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरला फोन केला. त्याच्या कानावर काहीही आलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, की मी स्वतः पुरातत्त्वाच्या कचेरीत जाणार आहे. त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटत होतं की ते ओरडतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, की माझ्या निवृत्तीला आता थोडेच महिने आहेत. जणू या वाक्यात सगळं आलं. त्यांच्या दृष्टीने आलंही असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी टॅक्सी केली. चुकीच्या इमारतीत गेले, तिथून बरोबर इमारतीत पाठवलं गेलं. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवून आत गेले, आणि अर्ध्या तासात मला एक मुलगी भेटली. मुलगी म्हणजे तिशीतली, बहरीनी, काळ्या अबायाखाली साइटवरचे जाड बूट. ती तिथे पुरातत्त्वाचंच काम करायची. मी प्रिंट तिच्यासमोर पसरली. तिने काही न विचारता संगणकावर विमानातून काढलेला एक जुना फोटो उघडला, बुरीपाशी मोठा केला आणि एका पांढुरक्या ठिपक्यावर बोट ठेवलं. गेले सहा आठवडे मी ज्यासाठी डोकं आपटत होते, ते तिला दोन मिनिटांत सापडलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं ते आनंदाने नव्हे. हे मी पहिल्याच आठवड्यात का केलं नाही? कारण मी कंपनीची माणूस होते आणि वरिष्ठांमार्फत जायचं असतं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती जागेवर गेली आणि काम थांबलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात मला पत्र मिळालं. परवानगीशिवाय बाहेर संपर्क साधल्याबद्दल ताकीद. सही मॅनेजरची होती. सांडपाण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मला अरादच्या एका व्हिलाच्या गॅरेजचा नकाशा दिला. भाईंचीही चौकशी झाली. शुक्रवारी कंपनीचं यंत्र बाहेर कसं गेलं, वगैरे. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “सोडा ना ताई, खलास झालं ते.” पण नंतर बरेच दिवस ते माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत. ते मला ताकिदीपेक्षा जास्त लागलं.

मला वाटत होतं, निदान टेकाड वाचलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुरातत्त्वाच्या त्या बाईंचा फोन आला. त्यांनी सगळ्या बाजू तपासल्या होत्या. पाइप दोन्हीकडून इतका जवळ आला होता, की आता मधला तुकडा वळवायचा तर त्याचा उतार बिघडत होता. सांडपाणी उतारावरच वाहतं, त्याला चढ चालत नाही. दोन्ही बाजूंचं बरंच काम उखडावं लागलं असतं. तेव्हा असं ठरलं होतं, की टेकाड नीट उकरून, मोजून, त्याची सगळी नोंद करून मग जागा मोकळी करायची. तीन आठवडे मिळाले होते.

“तुम्ही बघायला या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळे निदान नोंद होतेय.”

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. एवढं करून शेवटी काय, तर बुलडोझरच्या ऐवजी कुंचल्याने.

तरी मी गेले. ऑफिस सुटल्यावर उजेड असेपर्यंत तासभर मिळायचा. पाच-सहा माणसं होती. टेकाडाची साल थराथराने उतरवत होती. दगडांचं रिंगण पूर्ण मोकळं झालं तेव्हा ते माझ्या अपेक्षेपेक्षा सुबक निघालं. मधल्या खोलीवरचे झाकणाचे दगड जागेवर नव्हते. कुणीतरी फार पूर्वी, शेकडो वर्षांपूर्वी, वरून शिरून आतलं नेलं होतं. खोलीत थोडी हाडं विखुरलेली आणि तांबड्या खापरांचे तुकडे. एवढंच? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी एवढंच मिळतं.

दुसऱ्या आठवड्यात रिंगणाच्या बाहेरच्या अंगाला, पूर्वेकडे, दगडांची एक छोटी कमान मोकळी झाली. मोठ्या वर्तुळाला चिकटून अर्धं वर्तुळ. मी पोचले तेव्हा सगळे तिथे वाकून बसले होते. आत एक छोटी खोली होती, दोन वितींची. तिच्यावरचा दगड शाबूत होता. चोरांना ती दिसलीच नव्हती. दगड बाजूला घेतला होता आणि आत एक मूल होतं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेलं. हाडं इतकी बारीक, की आधी मला ती मुळं वाटली. हाताशी एक शिंपला.

बाई म्हणाल्या, असं आढळतं. मोठ्याचं थडगं आधी बांधलेलं असतं आणि नंतर केव्हातरी मूल गेलं तर त्याला त्याच भिंतीला लागून ठेवतात. आई असेल, आजोबा असतील, सांगता येत नाही. वर्षाच्या आतलं असावं.

जुन्या नकाशावर या कमानीची खूणसुद्धा नव्हती. तिथे नुसतं एक गोल वर्तुळ होतं.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. पाण्याची बाटली माझ्याकडे करत म्हणाल्या, की हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जरी कळलं असतं तरी पाइप पाच मीटरने वळवता आला असता. मूळ नकाशात हे होतं, मध्येच कुणी ते का काढून टाकलं, हेच त्यांना समजत नाही.

“मी काढलं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मार्चमध्ये. मला शंका आली होती, तरी काढलं. दुपारी चारला सबमिशन होतं.”

मी वाट बघत होते. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, खाली ठेवली आणि खड्ड्याकडे वळल्या.

“उजेड जातोय,” त्या म्हणाल्या. “टेपचं ते टोक धरा.”

मी टोक धरलं. त्या आकडे सांगत होत्या, त्यांचा एक सहकारी पेन्सिलने आलेख कागदावर बिंदू मांडत होता. माझ्याकडचं टोक सरकलं म्हणून त्यांनी दोनदा तेच माप पुन्हा घ्यायला लावलं. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या छोट्या खोलीची चारी बाजूंनी मापं घेतली. नवरा गाडीत बसून होता. घरी जाताना मी त्याला मुलाचं सांगितलं. त्याने गाडी हळू केली. सनाबिसला पोचल्यावर कोल्ड स्टोअरपाशी, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी, थांबून दूध घेतलं, तेव्हा दुकानदाराशी नेहमीसारखा बोलत होता. मला त्याचाही राग आला.

तीन आठवडे संपायला एक दिवस असताना काम पुरं झालं. हाडं आणि खापरं डब्यांत भरून गेली. दगड ट्रकमध्ये. पुढच्या रविवारी कंत्राटदाराचं यंत्र आलं असणार. मी पाहिलं नाही, अरादचं गॅरेज करत होते. फेब्रुवारीअखेर चर बुजला आणि वरून डांबर झालं.

बाईंनी नंतर मला त्यांचा अहवाल पाठवला. त्यात त्या कमानीचा सुंदर नकाशा आहे, प्रत्येक दगड वेगळा काढलेला. मी तो बघते तेव्हा पहिली गोष्ट मनात येते ती ही, की काम चांगलं केलंय. दुसरी गोष्ट जी मनात येते ती लिहिण्यासारखी नाही.

साहेब मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाला केक होता. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्यापाशी आले तेव्हा क्षणभर थांबले. मला वाटलं, आता काही म्हणतील. त्यांनी मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मी सांगितलं, बरा चाललाय. ते गेल्यावर मला स्वतःचीच चीड आली, की निदान मी तरी काही का म्हटलं नाही.

भाई पुन्हा माझ्या टेबलापाशी थांबायला लागले आहेत. त्यांचे रिपोर्ट मी आता शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि काही नसलं तरी त्यांना फोन करते. ते वैतागतात. म्हणतात, ताई, सपाट म्हटलं म्हणजे सपाट आहे. तरी मला राहवत नाही. नकाशावर जिथे जिथे कोरी जागा असेल तिथे मी शुक्रवारी स्वतः जाऊन येते. कंपनीने सांगितलेलं नाही, कुणी विचारतही नाही. गेल्या शुक्रवारी जनाबियाला गेले होते. एक पडकी भिंत होती, खजुराची दोन वाळलेली झाडं आणि सावलीत झोपलेलं एक कुत्रं. दुसरं काही नाही. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सँडलचा पट्टा तुटला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, जेवायला थांबायचं की नाही म्हणून. मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मला अजून मागची बाजू बघायचीय. तो म्हणाला, मागे काय आहे? मी म्हटलं, माहीत नाही, तेच बघायला आलेय. आणि पट्टा हातात घेऊन तशीच पुढे गेले.